दामूमामाचा आवाज आणि आईची घरघंटी

मंडळी, आधीच सांगतो. यात पांढरी साडी नाही, पिंपळ नाही, मागून हाक मारणारी बाई तर नाहीच नाही. जे काय झालं ते सकाळी, चहाच्या वेळेला झालं. आणि ज्याचा आवाज आला तो माणूस जिवंत आहे... आत्ता शेजारच्या ओट्यावर बसून वाल सोलतोय. त्यामुळे पांघरूण घेऊन वाचायला बसला असाल तर घडी करून ठेवा.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. कसा असेल? आमच्याकडे भुताचे आवाज आले की ते नव्वद टक्के मीच काढलेले असतात! मी नकला करतो — हेडसर, भाजीवाली, रिक्षा सुरू न होणं, सगळं. पण माझा सुपरहिट आयटम म्हणजे दामूमामा.

आमचं घर वसईत, खाडीकडच्या आळीत. मागे मिठागर, पुढे गटार, मधे आम्ही. पावसाळ्यात अमावास्येला, पौर्णिमेला मोठं उधाण आलं की पाणी घरात येतं — आणि दारातून नाही, आधी मोरीतून येतं. म्हणून तयारी करावी लागते. त्या तयारीचा सेनापती दामूमामा. आईचा मोठा भाऊ, भिंतीला भिंत लागून घर. स्वतः काडी उचलत नाही. ओट्यावर उभा राहून फाटक्या भोंग्यासारखा ओरडतो, "पानी येतंय, पानी! मोरीत बोळा कोंबा! बोळ्यावर दगड! आधी फ्रीज, फ्रीज विटांवर चढवा!"

कायम आधी फ्रीज. कारण आमच्या फ्रीजमधे त्याची कोलंबी असते. 

आणि आईची घरघंटी त्याच्या हिशोबात कुठेच नाही. "ते डबडं ऱ्हाऊदे शेवटी," म्हणतो. आता त्या डबड्यावर आई आख्ख्या आळीची भाजणी, बेसन, मसाल्याचे धणे दळते. गणपती तोंडावर होते, मोदकाच्या पिठीसाठी लोकांनी तांदळाचे डबे आणून रांग लावलेली. मोटर तिची बरोबर तळाला. खारं पाणी लागलं की मशीन खलास, आणि आईचा गणपतीचा सीझन पण खलास.

या वेळी मामा उधाणाच्या सकाळीच एसटीनं नाशिकला निघाला, साडूकडे. आदल्या दिवशी तो त्यासाठी बाजारात गेलेला, साहजिकच सेनापतीपद माझ्याकडे आलं. मी मामाच्या ओट्यावर उभा राहून त्याच्याच आवाजात "पानी आलं, पानी!" केलं. ताईनं गादी माळ्यावर फेकली, स्वतःही चढली. अर्धी आळी बाहेर आली. आईनं पिठाच्या हातानं माझा गाल रंगवला. "परत दादाचा आवाज काढशील ना, तर तुझाच बोळा करून मोरीत कोंबीन!"

मी शपथ घेतली. आणि खरंच पाळली, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी भरती दुपारी जेवणाच्या वेळेची होती. घाई नव्हती. बाबा सातिवलीला ड्युटीवर गेले. मी गिरीजला, माझा मित्र ब्रायन याच्या वाडीत... दारात लावायला मातीच्या गोण्या भरत होतो. केळींमधे चिखलात, पायात एकच चप्पल. ब्रायन साक्षीला आहे.

इकडे घरी काय झालं ते ताईनं सांगितलेलं सांगतो. आई चहा गाळत होती. ताई फ्रीजखाली विटा सरकवत होती. आणि मामाच्या ओट्यावरून — घराला कुलूप बरं का — आवाज आला. "फ्रीज मरूदे! आधी घरघंटी! शांते, घरघंटी उचल!"

मीच आहे समजून ताई ओरडली, "निल्या, गप बस ना!"

"अगं ऊठ, आत्ता! पानी मागनं येतंय!"

ताई म्हणते, त्या आवाजात चेष्टा नव्हती. आईनं गाळणी टाकली. दोघींनी ती घरघंटी उचलून थेट जेवणाच्या टेबलावर ठेवली. एरवी ती वीतभर सरकवायला मला क्रिकेट सोडून यावं लागतं! ती टेबलावर टेकली आणि मिठागराचा बांध फुटला. भरतीच्या कितीतरी आधी, मागच्या दारानं पाणी आत. फ्रीज बिचारा आडवा होऊन तरंगला.

दुपारी मी आणि ब्रायन गोण्यांचा टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा आळीत गुडघाभर पाणी. आई मला बघून आधी रडली, मग धपाटा घातला. "मशीन वाचवलीस रे! पन दादाचा आवाज काढायचा नाय सांगितलं होतं ना?"

"आई, मी गिरीजला होतो!"

"आंटी, खरंच माझ्यासोबत होता," ब्रायन म्हणाला.

"तू पन त्याच्यातलाच!"

मी म्हटलं, अगं, कलाकार म्हणून विचार कर. मी मामाची नक्कल केली असती तर 'आधी फ्रीज' म्हणालो असतो ना? मामा आयुष्यात घरघंटीचं नाव घेत नाही. आईनं थेट मामाला फोन लावला.

फोन साडूनं उचलला. "दामू बोलू शकत नाय. घसा गेलाय. सकाळी कसारा घाटात, एसटीत झोपला होता. झोपेतच 'घरघंटी उचल' म्हणून असा बोंबलला की ड्रायव्हरनं गाडी उभी केली! कंडक्टर टपावर काय पडलं का बघून आला."

सगळ्यांनी एकदमच टेबलाकडे बघितलं. पायाखाली पाणी, वर घरघंटी.

बाबा म्हणतात योगायोग. ब्रायन म्हणतो मामानंच मोबाइलवरून घरातला स्पीकर लावला असणार — मामाचा फोन बटणांचा आहे, हे सांगितल्यावर तोही योगायोगावर आला. मामाला स्वप्न आठवत नाही. मी रोज दुसऱ्याचा आवाज काढतो, तरी माणूस घाटात आणि आवाज वसईत कसा, हे मला आजही समजलेलं नाही. कुणाला समजलं तर खाली लिहा. फक्त "भाऊ, काय पिऊन होतास" लिहू नका. चहासुद्धा मिळाला नव्हता.

मामा तीन-चार दिवसांनी आला. घसा तसाच बंद. मला ओट्यावर बोलावलं, आळी जमली. मामा तोंड हलवतोय, हात नाचवतोय, आवाज शून्य. आई म्हणाली, "निल्या, दादा कानात सांगेल ते मोठ्यानं बोल. त्याच्याच आवाजात. सगळ्यांना ऐकू दे."

म्हणजे मलाच मला झापायचं होतं. मामा कानात पुटपुटायचा, मी भोंगा फोडायचो —

"हलकटा! रोज माझा आवाज घेऊन उंडगतोस, म्हनून त्याला तुझ्या घरी जायची सवय लागली! एसटीत माझी अब्रू गेली! कोलंबी कुजली!"

'गाढवा' हा शब्द मी गाळला. मामानं कान पिरगळून परत म्हणायला लावला. मग पुढचं वाक्य सांगितलं, मी जोरात म्हणून टाकलं —

"त्या फ्रीजमधला चिखल कोन काढनार? तुझा बाप?"

बाबा मागेच उभे होते.

"बाबा, मी नाही! मामा बोलला!"

"हेच ऐकतोय चार दिवस," म्हणत बाबांनी खराटा माझ्या हातात दिला.