नरसय्याचा डावा खांब

आमच्या फुटबॉल मंडळींचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि पुढ्यातला चहा गार होतो. छंदच तसा होता. सुट्टी लागली की लोक देवदर्शनाला जात, आम्ही जुन्या कॉलेजांची फुटबॉल ग्राउंडं बघायला जायचो. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. फुटबॉल मात्र होता, गिरणीमागच्या मुरमाड माळावर, अनवाणी.

मंडळी म्हणजे आम्ही चौघं. तात्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि आमचा कॅप्टन. इस्माईल शुक्रवार पेठेतला शिंपी. नरसय्या हातमागावर लुगडी विणायचा आणि गोल राखायचा. मी गिरणीच्या ऑफिसात क्लार्क. खेळात सुमार, पण रेल्वेचं टाइमटेबल वाचता यायचं म्हणून मला बरोबर घेत.

* * *

कोल्हापूरला कॉलेजच्या फाटकाशी तात्याने चपला काढून हातात घेतल्या. शिपायाने अडवलं. "कुणाला भेटायचंय?"

"ग्राउंडाला."

"ते आत्ता रिकामं आहे."

"म्हणून तर आलोय. गर्दीत नीट बोलणं हुईत न्हाय."

 शिपाई आमच्याबरोबर फेरी मारायला आला. त्यानेही चपला हातात घेतल्या होत्या.

* * *

बेळगावला पहिल्यांदा हिरवळीचं ग्राउंड पाहिलं. आमच्या माळावर पडलं की गुडघ्याचं सालटं निघायचं. तात्याने हिरवळीवर हात फिरवला, म्हणाला, "हितं पडायला लई मजा येत आसंल की." आणि मुद्दाम पडला. मग आम्हीही पडलो. दुपारभर चार बाप्ये धुतलेल्या धोतरांत पळत येऊन पडत होते.

दुसऱ्या दिवशी तात्या तेच धोतर नेसून गिरणीत आला. मॅनेजरने हिरवे डाग पाहिले. "काय रे, रंगखात्यात बदली कधी झाली तुझी?"

* * *

गोलाला जाळी असते हेही आम्ही बेळगावलाच पाहिलं. इस्माईलने गाठी चाचपल्या. "कायकू खरीदना? मैं बनातूं." गिरणीतलं टाकाऊ सूत वळून त्याने खरंच जाळी केली, माळावर बांधली. सकाळी बघतो तर आत धनगराचं बकरं अडकलेलं.

ते सोडवायला जाळी कापावी लागणार, म्हणून इस्माईल हळहळत होता. धनगर काठीला टेकून शांतपणे म्हणाला, "कापायची तर कापा. पर बकरं गोलात गेलंय. माजा एक गोल धरा."

* * *

आमच्या गोलाचे खांब नरसय्यानेच रोवले होते. नियमात गोलाची रुंदी आठ वार. त्याच्या मागावर लुगडी निघायची ती आठवारीच. मग टेप कशाला? त्याने घरून एक लुगडं आणलं, जमिनीवर ताणलं आणि दोन टोकांना दोन खांब रोवले. समोरचा गोलही तसाच मापला. आम्हाला या मापाचा मोठा अभिमान होता.

नरसय्या उजव्या खांबापासून चार वार मोजून उभा राहायचा, पण त्याची डावी बाजू काही केल्या राखली जाईना. रेल्वेवाल्यांबरोबरच्या शेवटच्या सामन्यात बॉल डाव्या खांबाला घासून आत गेला, याचा हात हातभर अलीकडे राहिला. शील्ड गेली. नरसय्या बुटका आणि त्याची बायको लक्ष्मम्मा चांगली उंच. लोक म्हणू लागले, "गोलात लक्ष्मम्माला उभी करा." त्या संध्याकाळी त्याने गोलात घालायची आपली टोपी तात्याच्या हातात दिली. "दुसरा बघा कुणीतरी."

मला फार वाईट वाटलं. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून वाकून बसणारा हा माणूस गोलात तेवढा ताठ उभा राहायचा.

* * *

पुढच्या सुट्टीत पुण्याला निघालो, तेव्हा नरसय्या यायलाच तयार नव्हता. तिथल्या दुकानात लुगडी पोचवायची होती म्हणून आला. गठ्ठा खांद्यावर घेऊनच कॉलेजच्या ग्राउंडवर शिरला. तात्याने आग्रह केला तेव्हा गठ्ठा खाली ठेवून गोलात उभा राहिला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"हे दार लहान हाय."

तिथला माळी म्हणाला, "लहान कसं? आठ वारच आहे."

"आमचंबी आठच हाय की."

नरसय्याने गठ्ठ्यातलं एक आठवारी लुगडं काढलं. एक टोक इस्माईलने धरलं, दुसरं त्याने. या खांबापासून त्या खांबापर्यंत बरोबर बसलं. म्हणजे मोठा होता तो आमचाच गोल. माळावरचा समोरचा गोलही तेवढाच रुंद होता म्हणा, पण तिकडे नेम धरणारे आम्ही होतो.

सोलापुरात उतरल्यावर तो थेट घरी गेला, आम्ही मागोमाग. लक्ष्मम्मा मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती.

"गोल मापायला मला लुगडं कुटलं दिलतीस?"

"माजं."

"दुकानाच्या गठ्ठ्यातलं न्हाय?"

"विकायचा माल मातीत लोळवायला दिऊ व्हय? माजं नेसायचं दिलं, माहेरचं."

"किती वारी?"

"नऊ. मला आठ पुरतंय व्हय?"

आम्ही तिघं हसून हसून खाली बसलो. नरसय्या हसला नाही. त्याने तेच लुगडं मागून घेतलं, पहार उचलली आणि माळाकडे निघाला. लक्ष्मम्मा हातातल्या कांड्या टाकून मागे आली. माळावर ती पहिल्यांदाच येत होती. लुगड्याचा एक वार तिने नीट दुमडला आणि उजव्या खांबाशी धरून उभी राहिली. नरसय्याने डावा खांब उपटला, दुसऱ्या टोकाशी आणून रोवला, पायाने माती दाबली.

"आता पुरंल का हात?" लक्ष्मम्माने विचारलं.

 नरसय्याने तात्याच्या डोक्यावरची आपली टोपी काढून स्वतः घातली, दोन्ही तळहातांवर थुंकला, गोलाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि तात्याला म्हणाला, "डावीकडं मार."