आमच्या घरात तसलं काही न्हाई

हैदराबादच्या नल्लकुंट्यातली भामाबाई भाजीवाल्याशी तेलुगूत भांडायची, ऑटोवाल्याशी दखनीत आणि नवऱ्याशी, म्हणजे अफझलगंजात धान्याचं दुकान चालवणाऱ्या हिम्मतरावांशी, मराठीत. गप्प बसणं तिला ठाऊकच नव्हतं. एका गोष्टीपुरतं मात्र तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

लेक निशिगंधाच्या आधी तिला दोन मुलगे झाले होते, गावी, उदगीरकडं. दोघंही सहा महिने गुटगुटीत. मग दुखण्यांची रांग लागली. कान फुटायचा, छाती भरायची, औषधानं उतरलेला ताप पुन्हा चढायचा. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत एकही पोचला नाही. "हिच्या कुशीलाच खोट आहे," असं सासू चारचौघांत म्हणाली. ते इतकं झोंबलं की हैदराबादला आल्यावर भामाबाईनं त्या पोरांचा विषयच बंद केला. निशिगंधालाही कधी सांगितलं नाही. तिचं लग्न जमवताना काचीगुड्याच्या पाहुण्यांनी घराण्यात काही दुखणं आहे का, असं आडून आडून विचारलं, तेव्हा ती ठासून म्हणाली, "आमच्या घरात तसलं काही न्हाई." हिम्मतराव पानाला चुना लावत बसले. त्या माणसानं जन्मभर दुसरं काय केलं?

निशिगंधाला मुलगा झाला, बबलू. सहा महिने नुसता लोण्याचा गोळा. मग कान वाहू लागला. दात येतायत, म्हणाले. न्यूमोनिया झाला, तर हवा बदलली म्हणाले. काही आठवड्यांत पुन्हा न्यूमोनिया. दर वेळी नवा दवाखाना, नवं औषध, आणि औषध संपलं की ताप हजर. वजन तर काट्यावर हलेचना. ज्यानं त्यानं समोरचा ताप पाहिला. आधीचे किती झाले हे विचारायला सवड कुणाला होती? भामाबाईनं मात्र सगळं आधी पाहिलेलं होतं. कान पहिल्यांदा वाहिला त्याच दिवशी तिनं ते ओळखलं होतं.

तिसऱ्या न्यूमोनियाला बबलूला मोठ्या दवाखान्यात ठेवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून विचारलं, "अम्मा, आपके घर में कोई छोटा बच्चा गुजर गया था क्या? सोच के बोलो."

शेजारी निशिगंधा होती, दारात जावई विक्रम.

"नै मा," भामाबाईच्या तोंडून निघून गेलं. "ऐसा कुछ नै हमारे घर में."

मग तपास दुसऱ्याच वाटेला लागला. क्षयाच्या तपासण्या झाल्या, औषधं बदलली. पोरगं खंगत चाललं. शेवटी ज्या सकाळी त्याच्या तोंडात श्वासाची नळी घातली, त्या सकाळी भामाबाईनं डॉक्टरीणबाईंचा हात धरला.

"दो थे मा. मेरे दो बेटे थे. ऐसाइच हुआ था."

आपल्याला भाऊ होते, हे निशिगंधाला तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाईंनी लगेच रक्त पाठवलं. रोगाशी लढणारी प्रथिनं पोराच्या रक्तात जवळजवळ नव्हतीच. हा दोष आईकडून मुलाकडं येतो, त्यांनी समजावलं. आईला किंवा लेकीला स्वतःला काहीच होत नाही; लेक तो पुढं आपल्या मुलाला देते. वेळेवर कळलं तर दर महिन्याला शिरेतून ती प्रथिनं देतात, आणि अशी मुलं शाळेत जातात, मोठी होतात. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

औषध सुरू झालं. ताप उतरला, बबलूनं आजीचं बोट घट्ट धरलं. भामाबाईला वाटलं, देवानं माफ केलं. पण फुप्फुसांची आधीच चाळण झाली होती. शुक्रवारी दुपारी पोरगं गेलं.

म्हणजे सासू खोटं बोलली नव्हती. खोट होतीच. पण त्या खोटीला नाव होतं, तिच्यावर इलाज होता, आणि लाज वाटावी असं त्यात काडीचंही नव्हतं. हे भामाबाईला कळलं तेव्हा कळून उपयोग उरला नव्हता.

चौथ्या दिवशी निशिगंधा आईसमोर येऊन बसली. भामाबाईनं मनाची तयारी केली होती. लेक शिव्या देईल, हाकलून देईल. निशिगंधाचा आवाजही चढला नाही.

"आई, तू डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदाच खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं? माझं लग्न मोडलं असतं. एवढंच ना?"

"एवढंच, बाई," भामाबाई म्हणाली. "एवढंच."