आर्काडी लुकिचची भिंत

केलिवाराच्या खाणीत आर्काडी लुकिचनं एकवीस वर्षं सुरुंग लावले, आणि त्याहून जास्त वर्षं त्याबद्दल खोटं सांगितलं. खोटं तसं फार मोठं नव्हतं. लेक झोया सात वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "बाबा, तू फोडतोस त्या संगमरवराचं काय होतं?" खरं उत्तर असं होतं की तो भट्टीत जातो, त्याचा चुना होतो, चुना सरकारी शेतांच्या आम्लधर्मी जमिनीवर पसरतात, आणि उरलेली बारीक खडी कोंबड्यांना घालतात, म्हणजे अंड्याचं कवच टणक होतं. लुकिचनं मुलीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "लेनिनग्रादच्या मेट्रोचे खांब." स्टेशनाचं नावही त्यानं ठोकून दिलं.

पुढं खाण बंद पडली, पंप थांबले, खड्डा काठोकाठ हिरव्या पाण्यानं भरला. काही वर्षांनी कुणीतरी त्याच्याभोवती लाकडी वाटा घातल्या, तिकिटाची खिडकी बसवली, आणि गाव ज्याला जन्मभर खड्डा म्हणत आलं त्याला निसर्ग उद्यान म्हणू लागलं. लुकिच तिथं कधी गेला नाही. गुडघे दुखतात, म्हणायचा. मासे धरायला रोज सात किलोमीटर चालताना ते दुखत नसत.

झोयाचं लग्न उशिरा झालं, पीटर्सबर्गात, म्हणजे पूर्वीच्या लेनिनग्रादात. ऑगस्टमध्ये ती सासूला घेऊन माहेरी आली. विहीणबाई इनेस्सा बोरिसोव्हना भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. बुटांना चिखल लागला तरी त्याचा प्रकार विचारून घेणाऱ्या. पहिल्याच सकाळी राय धान्याच्या पिठाच्या कालित्की रोटीवर लोणी लावता लावता त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, आज तुमची खाण दाखवा. सूनबाई तुमच्या खांबांबद्दल इतकं सांगते की मला वाटतं मेट्रो तुम्ही एकट्यानंच बांधली."

"आज नको, पाऊस येईल," लुकिच म्हणाला. बाहेर लख्ख ऊन होतं.

त्याची बायको रायसा चुलीपाशी होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती वळलीसुद्धा नाही. "जा की, लुकिच. पाहुणे रोज येत नाहीत. गुडघ्यांना मी समजावते."

उद्यानातली गाइड पोरगी विशीतली होती, पाठ केलेलं उत्साहानं बोलत होती. जुने कारागीर दगडात बारीक भोकांची रांग पाडायचे, पाचरा ठोकायचे, आणि घराएवढा ठोकळा पाव कापावा तसा सुटा करायचे. समोर पाण्यातून उभी चढलेली करडी-पांढरी भिंत त्यांनी मुद्दाम राखून ठेवली होती. तिच्यासारखा दगड साऱ्या खाणीत नव्हता. झोयानं बापाच्या दंडात हात घातला होता. लुकिचचं सगळं लक्ष त्या हाताकडे होतं.

"आता ती भेग बघा," पोरगी म्हणाली. "वरपासून पाण्यापर्यंत. एकोणऐंशी साली मे दिनाआधी तिमाहीचं लक्ष्य पुरं करायचं म्हणून कुणा रानटी माणसानं या भिंतीत दोनशे किलो दारू ठासली. भिंत आतपर्यंत तडकली. तिच्यातून आता खिडकीखाली बसवायची एक लादीसुद्धा निघणार नाही."

"काय नग असतात एकेक," विहीणबाई म्हणाल्या. "आणि अशांचा सत्कारही होत असेल."

झाला होता. सन्मानफलकावर लुकिचचा फोटो वर्षभर होता, टाय लावलेला.

"बाबा त्या वेळी इथंच होता," झोया गाइडला म्हणाली. "पण तो कारागिरांपैकी. हो ना रे?"

इथं त्यानं मान डोलावली असती तर दिवस पार पडला असता. डोलवायला त्यानं ती उचललीही होती. पण सुरुंगवाल्याला शिवी सोसते, चुकीचा आकडा सोसत नाही.

"दोनशेनं तिला काय होतंय," तो म्हणाला. "तीनशे चाळीस. बावीस भोकं, दोन रांगांत. डावीकडची शेवटची तीन ओली होती, ती सोडून दिली. नाहीतर ही भिंत आज दिसलीच नसती."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण हे थोड्या अभिमानानं बोललो. गाइडच्या पाठ केलेल्यात यापुढचं काही नव्हतं.

झोयाचा हात अजून त्याच्या दंडातच होता. "आणि मेट्रो?"

"चुना झाला. शेतांना. थोडा कोंबड्यांना."

"अहो, चुनाही लागतोच की देशाला," विहीणबाई घाईनं म्हणाल्या. "आम्लधर्मी जमिनीला तर फारच. मी शिकवायचे हे." त्यांनी टोमणा मारला असता तर लुकिचला बरं वाटलं असतं.

"मी रोज त्याच स्टेशनावरून कामाला जाते," झोया म्हणाली. "कडेच्या तिसऱ्या खांबाला हात लावून. अकरा वर्षं. लोक बघतात माझ्याकडे." तिनं हात काढून घेतला, रागानं नव्हे, रुमाल शोधण्यासाठी. रुमाल सापडल्यावर मात्र हात परत आला नाही.

नावेचं तिकीट काढलेलं होतं, आणि विहीणबाई काढलेलं तिकीट वाया घालवणाऱ्यांतल्या नव्हत्या. तिघं नावेत उतरली. वल्ही अर्थातच लुकिचकडे आली. वल्हवणारा पाठ करून बसतो ती जायच्या दिशेकडे; तोंड असतं ते मागच्या फळीवरच्या माणसांकडे. हाताच्या अंतरावर लेक, शेजारी विहीण, आणि दुसरीकडे बघायला जागा नाही. त्यानं वल्ह्यांकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. मान एवढी खाली गेली की विहीणबाईंनी विचारलं, "छातीत दुखतंय का?"

"नाही," तो म्हणाला. आज गुडघ्यांचंही नाव त्यानं काढलं नाही.

झोया त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. बराच वेळ. त्यानं नाव हळूच काठाकडे वळवायला घेतली.

"नको, बाबा," ती म्हणाली. "सरळ घे. अगदी भिंतीला लागेपर्यंत. मला ती जवळून बघायचीय."

लुकिचनं वल्ही पाण्यात घातली आणि न दिसणाऱ्या भिंतीकडे, पाठीनं, ओढत निघाला.