दोरीला ब्रेक नसतो

बंद पडलेली माझी स्कूटर आज पिकअपमध्ये चढवताना पेट्रोल सांडलं आणि त्या वासाने मला थेट काही वर्षांपूर्वीच्या मांजर्लीतल्या घरी नेलं. पूर नुकता ओसरला होता. बाबांची मोटरसायकल रात्रभर पाण्यात होती, म्हणून अंबरनाथच्या पुढे, कॅम्प पाचच्या मेकॅनिककडे न्यायला पिकअप बोलावली. ड्रायव्हरने गाडी दोरीने करकचून बांधली, तर बाबा हेल्मेट घालून तिच्यावरच जाऊन बसले.

"काका, उतरा ना, टाइट बांधलीय."

"दोरीला ब्रेक असतो का?"

मी पुढे, ड्रायव्हरशेजारी तोंड लपवून. अंबरनाथला रिक्षावाले खिदळत होते, "अंकल, किक मारो!" मागच्या काचेतून पाहिलं, तर बाबा खड्डा आला की खरंच ब्रेक दाबत होते, वळणावर हातसुद्धा दाखवत होते. असला वैताग आला होता मला! या माणसाला कुठे म्हणून न्यायची सोय नाही.

आजच्या ड्रायव्हरने चांगले पट्टे लावले. "मॅडम, बिनधास्त बसा." पहिल्याच खड्ड्यात मागे स्कूटर धाडकन आदळली.

"थांबव रे गाडी!" मी उतरले आणि मागे चढून स्कूटरवर बसले.

"मॅडम, हे काय?"

"हसू नकोस. माझं हेल्मेट दे आधी."