ब्रेकबाई आणि बेकरीतली पोरगी

माझ्या वहिनीला अख्खा परिसर ब्रेकबाई म्हणतो. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवते आणि शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, म्हणून. तोंडावर कोणी म्हणत नाही, तेवढी अक्कल लोकांना आहे. मी तिची नणंद. फोन घेते, वेळा लावून देते, आणि माझ्या मते तो धंदा माझ्यामुळेच चालतो, पण ते असो.

वहिनीच्या गाडीत बायका बोलतात. घरी चकार शब्द न काढणारी बाई दुसऱ्या गिअरवर आली की मोकळी होते. वहिनी म्हणते, समोर रस्त्याकडे बघायचं असतं, कोणाच्या तोंडाकडे नाही, म्हणून जमतं. ऐकता ऐकता तिच्या कानावर अशा गोष्टी यायला लागल्या की पुढे काय करायचं तेच तिला कळेना. मग ती आमच्या भागातल्या मदत केंद्रात जाऊन रीतसर शिकून आली. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्यासोबत दवाखान्यात, चौकीत, कोर्टात जाऊन बसणाऱ्या बायकांचं ते केंद्र. तिथून आल्यापासून तिची पद्धत ठरलेली आहे. तू तिथे गेलीसच कशाला, असलं काही विचारायचं नाही. तुझ्यावर विश्वास आहे म्हणायचं, कुठे कुठे मदत मिळते ते सांगायचं आणि गप्प बसायचं. पुढचं ठरवणार ती. गप्प बसणं आमच्या घरात फक्त वहिनीलाच जमतं.

मागच्या वर्षी बेकरीत कामाला असलेली एक पोरगी शिकायला यायची. अंगाला कायम भाजलेल्या मैद्याचा वास. चढावर गाडी जराही मागे न सोडता उचलायची, भल्याभल्यांना ते जमत नाही. एका दुपारी गाडी आमच्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली तरी ती उतरेना. इंजिन बंद करून, समोरच्या भिंतीकडे बघत तिने वहिनीला सांगितलं, की बेकरीच्या मॅनेजरने भट्टीमागच्या कोठारात तिच्यावर बळजबरी केली. घरी कोणाला माहीत नव्हतं. तक्रार करावी की नाही, तिचं ठरत नव्हतं. वहिनी म्हणाली, "हवा तेवढा वेळ घे. तू म्हणशील तेव्हा मी येईन."

आता दुर्दैव असं, की शेजारच्याच गाडीखाली माझा भाऊ आडवा पडून सायलेन्सर जोडत होता. दादा म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण डोक्यात राख घालून घ्यायला त्याला क्षणही पुरतो. पोरगी गेली तसा तो बाहेर आला, दोन मेकॅनिक सोबत घेतले आणि बेकरीत जाऊन भर गिऱ्हाइकांसमोर मॅनेजरची कॉलर धरली. त्याने काय केलं, कोणाबरोबर केलं, सगळं ओरडून सांगितलं. पोरीच्या आईला ते पाव आणायला गेलेल्या शेजारणीकडून कळलं. मॅनेजरने दादाला, पुन्हा इथे पाय ठेवलास तर बघून घेईन, अशी धमकी दिली आणि नंतर साळसूदपणे सांगत फिरला, की पोरगीच तसली आहे. आणि दादा छाती पुढे काढून घरी आला, कोणीतरी शाबासकी देईल म्हणून.

पोरगी यायची बंद झाली. मी फोन केले, ते कोणी उचलले नाहीत. आईने तिला घराबाहेर पडायला बंदी केली होती आणि तक्रारीचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं, हे नंतर तिनेच सांगितलं.

वहिनीने भांडण केलं नाही. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. तिने सकाळी दादाला शिकवायच्या गाडीत स्टिअरिंगवर बसवलं. मी मागे जाऊन बसले, ही गंमत कोण सोडणार. दादा निघाला की वहिनी ब्रेक दाबायची. तो वळायला लागला की हात घालून स्टिअरिंग सरळ करायची. बाजाराच्या तोंडाशी गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. दादा लालबुंद झाला.

"गाडी मी चालवतोय की तू?"

"तुमच्या भल्यासाठीच करतेय," वहिनी म्हणाली. "त्याने तिला विचारलं नाही. मग तुम्हीही तिला न विचारता तिचं दुःख चव्हाट्यावर नेलंत."

दादाने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मला फार वाईट वाटलं, कारण त्याची माया खोटी नव्हती.

त्याला लगेच पोरीच्या घरी जाऊन पाय धरायचे होते. तुमचं तोंड बघायचंय का, हे तिला विचारलंत का, असं म्हणून वहिनीने तेही अडवलं. मग केंद्रातल्या ताईंबरोबर त्याने एवढाच निरोप धाडला, की चूक माझी झाली, आता तुम्ही सांगाल तेवढंच करीन. केंद्रातून शिकून आल्यापासून वहिनी दर शनिवारी पुरुषांचाही एक वर्ग घेते. त्या शनिवारीही ती व्हॅनवाले, मेकॅनिक, सामान पोचवणारे अशांना गॅरेजात घेऊन बसली. सोबत काम करणाऱ्या बाईबद्दल कोणी घाणेरडं बोललं तर त्याला तिथल्या तिथे कसं अडवायचं, कोणी आपलं दुखणं सांगितलं तर कान उघडे आणि तोंड बंद कसं ठेवायचं, हे ती त्यांच्याकडून घोटून घेते, रिव्हर्स घ्यायला शिकवते तसं. एरवी ही मंडळी फिदीफिदी हसायची. त्या दिवशी दादाने उभं राहून आपला पराक्रम स्वतःच्या तोंडाने सांगितला, आणि कोणी हसलं नाही.

पोरीची वेळ मी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, असा वहिनीचा हुकूम होता. मी कुरकुरले, पण दिली नाही. ताई तिच्या आईशी बोलत राहिल्या. आणि एका सकाळी पोरगी आईला घेऊन आपणहून दारात उभी राहिली. चौकीत जायचंय म्हणाली. आम्ही तिघांनीही यायचं. मॅनेजरने दादाला दिलेली धमकी त्यानेच सांगायची, बाकी सगळं ती बोलणार. दादाने नुसती मान हलवली. पण माझा भाऊ आहे तो, गप्प राहील याचा मला काडीचा भरवसा नव्हता.

चौकीत टेबलामागे बाईच होत्या. तरी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवून त्या थांबल्या दादापाशी. "बोला, काय तक्रार आहे?"

दादाने तोंड उघडलं. मला वाटलं, गेलं, पुन्हा सगळं गेलं. पोरगी त्याच्याकडे बघत होती. वहिनीने त्याला खुणावलंसुद्धा नाही.

"मला नका विचारू," दादा म्हणाला. "झालंय ते तिच्याबरोबर. ती सांगेल." आणि तो खुर्चीवरून उठून मागे सरकला.

पोरीने ती खुर्ची टेबलाजवळ ओढली. आईने तिचा हात धरायला हात पुढे केला, तो तिने धरू दिला.

"लिहा," ती म्हणाली, आणि आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.