वहिनींच्या तुराट्यांचा कोळसा

मागच्या महिन्यात बायकोचा फोन आला तेव्हा मी हिंगण्याच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होतो. "वहिनी गेल्या," एवढंच ती म्हणाली. हातातलं माप मी पूर्ण घेतलं, मगच निघालो. यावरूनही वहिनी हसल्या असत्या...

मंदावहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ गेल्यावर त्या आमच्याकडेच राहिल्या. साखरेनं त्यांची नजर मंदावत गेली, पेन्सिलची रेघ दिसेना, तेव्हा त्यांनी चित्रं सोडली नाहीत, पेन्सिल सोडली आणि कोळसा धरला. तोही घरचा. भिवापूरच्या माहेरून तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, मागवायच्या, त्यांचे वीतभर तुकडे डब्यात गच्च भरायचे, झाकण तारेनं आवळून डबा अंगणातल्या चुलीत ठेवायचा. पहिल्या खेपेला आत काय झालं ते बघायला मी गरम डबाच उघडला. वारा लागला आणि काड्या डोळ्यांदेखत पेटून राख झाल्या. "भाऊजी, तुमचं तपासणं फॅक्टरीतच ठेवा हो," वहिनी म्हणाल्या आणि नव्या तुराट्या तोडायला बसल्या.

पहिला विद्यार्थी मीच. मडकं काढायला सांगितलं की मी पट्टी शोधायचो. पट्टी त्यांनी काढून घेतली. काडी आडवी धरा, आधी सावली भरा, कड मागून सापडते, असं त्या सांगायच्या. उजेड हवा तिथं बोटानं पुसायचं. हळूहळू शेजारचे यायला लागले आणि दर रविवारी आमच्या पुढच्या खोलीत वर्ग भरू लागला.

माझ्या थोरल्या बहिणीला हे पटत नव्हतं. एकदा भर वर्गात ती म्हणाली, "दिसत नाही वं तुले, शिकवून काहून राहिली?"

वहिनींचा हात थांबला नाही. "उजेड कुठं अन् अंधार कुठं, तेवढं दिसते ना मले. कोळशाले तेवढंच लागते, ताई."

तेरवीच्या आधी ताईनं रंगारी बोलावला. शेवटी शेवटी वहिनी भिंत चाचपत एकेकाच्या कागदापाशी जायच्या, त्यामुळे दारापासून खिडकीपर्यंत काळे पंजे उमटलेत. पाहुण्यांसमोर शोभत नाही, ताईचं म्हणणं. आता वर्गही पुरे, असंही ती बोलली. मी रंगाऱ्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. पाहुणे आले, भिंतीकडे बघत जेवले, गेले.

वर्ग चालू आहे. वहिनींसारखं मला येत नाही, पण काडी आडवी धरायला शिकवता येतं. एका कागदाकडून दुसऱ्याकडे जाताना मी काळा हात भिंतीवरून नेतो. मला चांगलं दिसतं... तरी नेतो.