गच्चीवरचा जपान

ऑफिसातले किस्से फाइलीबरोबर बंद होतात. शेजारचे मात्र कपाटात कोंबलेल्या जुन्या पिशव्यांसारखे असतात. एक ओढली की चार बाहेर! इथे हिंदी मुलखात, अन्नपूर्णा भागात, आमच्या शेजारच्या शोभावहिनींनी व्हिडिओ बघून गच्चीवर जपानी पद्धतीचं रंगकाम सुरू केलं, तेव्हापासून माझं कपाट लागतच नाही. रंग सगळे फुलापानांचे, केमिकल औषधाला नाही. त्यांचे यजमान नाना यांनी अट घातली होती, "लालबागच्या मेळ्यात एक तरी कपडा विकून दाखव. नाही तर गच्चीवर सोलर बसणार!"

* * *

वहिनींनी आम्हाला रंगांचा तक्ता दाखवला. जपानात म्हणे प्रत्येक छटेला वेगळं नाव.

"हा करडा बघा. नेझुमी. म्हणजे उंदीर."

नाना म्हणाले, "आपल्याकडे कपडा असा दिसला की धुवायला टाकतात!"

* * *

कांद्याच्या सालींचा सोनेरी रंग येतो. वहिनी रोज सब्जीवाल्यापुढे पिशवी उघडून उभ्या. आठव्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, "भाभीजी, छिलके सब ले जाओ, पर कभी प्याज भी ले लो!"

* * *

झेंडूची फुलं उकळून, गाळून पातेलं ओट्यावर ठेवलं होतं. पलासियाहून नानांचे साडू आले आणि हर्बल टी समजून कपभर प्याले.

"जपानी ना? पोट कसं हलकं वाटतंय!" म्हणत त्यांनी दुसरा कप भरला.

रंग धरायला घालतात ती तुरटी घालायची राहिली होती, हे साडूंचं नशीब.

* * *

रशीदचाचा पिढीजात रंगरेज. वहिनींचा प्रत्येक दुपट्टा ते ओल्या अंगठ्याने घासायचे आणि रंगलेला अंगठा दाखवायचे. "कच्चा है, भाभी. पहले हर्रे के पानी में भिगोओ."

"चाचा, जपानी लोक हिरडा वापरत नाहीत."

"तो फिर जापान की बारिश में पहनना!"

* * *

मेळ्यात दोन दिवस लोकांनी दुपट्ट्यांचे फोटो काढले. विकत कोणी घेईना. नाना शेजारी खुर्ची टाकून फोनवर सोलरवाल्याशी बोलत होते.

तिसऱ्या दिवशी दिल्लीच्या एक बुटिकवाल्या बाई आल्या. सगळे दुपट्टे ओलांडून त्यांची नजर नानांच्या खांद्यावर थांबली. तिथे नानांचा पंचा. पोह्यांची हळद, चहा, स्कूटरचं ऑइल, सगळं नाना वर्षानुवर्षं त्यालाच पुसत आलेले.

"ये शेड कौन-सी है?"

वहिनींची पापणी लवली नाही. "नेझुमी."

"रंग पक्का है?"

चाचा स्टॉलवरच बसले होते. त्यांनी अंगठा ओला केला, पंचा घासला, पुन्हा घासला. अंगठा कोरा!

"पक्का," चाचा म्हणाले. आयुष्यभराची इज्जत पणाला लावल्यासारखे.

"ये तो लूँगी ही, ऐसे छह और चाहिए. बनाता कौन है?"

वहिनींनी नानांकडे बोट दाखवलं.

नानांनी फोन ठेवला, पंचा उतरवून घडी घातली आणि म्हणाले, "टाइम लगेगा, मैडम."